हाताचा हिशेब

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं १४१ वं अधिवेशन चालू होतं. तिथे एक ठराव मंजूर झाला आणि १९०० नंतर ऑलिम्पिकमधून गायब झालेलं क्रिकेट २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी परत आलं. आपल्याकडे बातमी झाली ती एवढीच. त्याच ठरावात आणखी चार खेळ होते: स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल. शेवटच्या जोडगोळीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही आणि त्यात नवल नाही. मुंबईच्या नावाचा व्यावसायिक बेसबॉल संघ आहे, ‘मुंबई कोब्राज’, पण त्याची लीग दुबईत भरते. तिचा पहिला हंगाम २०२५ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. आपल्या शहराचा संघ बघायचा तर मुंबईच्या मुलाने विमान पकडावं, नाहीतर मोबाइल.

मोठ्यांचा बेसबॉल इथे बाजूला ठेवू. आठ ते सोळा वयाच्या मुलामुलींना हा खेळ कसा शिकवावा, स्पर्धेत कसं उतरवावं आणि मुलुंडसारख्या उपनगरात त्यासाठी हाताशी काय आहे, हे बघायचं आहे. या खेळाने मुलांसाठी दोन गोष्टी फार चांगल्या केल्या. एक म्हणजे खेळच मुलांच्या अंगाबेताने नव्याने कापून घेतला. दुसरी, पोराने दिवसभरात किती चेंडू टाकले ते मोजायची शिस्त लावून घेतली. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी आहे, आणि जो मुलगा जन्मात बेसबॉलचा चेंडू हातात धरणार नाही त्याच्याही ती उपयोगी पडेल.

आधी मुलुंडचं मूल बघू. एलबीएस रस्त्याकाठचे कारखाने गेले आणि टॉवर आले. पूर्वेला जुन्या चाळी-सोसायट्यांच्या जागी पुनर्विकास चालू आहे. मुलांच्या वाट्याला उरलं ते दोन इमारतींमधलं कंपाउंड, स्टिल्टखालचं पार्किंग, पोडियमचा कोपरा आणि तासावर पैसे घेणारं जाळीबंद टर्फ. या जागांनी स्वतःचं क्रिकेट जन्माला घातलंय, अंडरआर्म. चेंडू हात खाली ठेवून टाकायचा. थेट भिंतीवर आदळला तर आऊट, पहिल्या मजल्याच्या वर गेला तर आऊट, गाडीला लागला तर रन नाही, आणि वाद झालाच तर ज्याची बॅट त्याचा निर्णय. या खेळात वाढलेल्या पोराचे हात भलतेच चपळ असतात. पाच पावलांवरून आलेला चेंडू ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उचलतं. पण हेच पोर खांद्यावरून जोरात फेकायला मात्र कधी शिकत नाही. पंधरा मीटरपलीकडे चेंडू फेकायची वेळच येत नाही आणि आलीच तर काच फुटते, मग सेक्रेटरी खाली उतरतात.

त्याच्या आजोबांची गोष्ट वेगळी होती. लगोरी, आबाधुबी, मे महिन्यात गावी गेल्यावर दगड मारून पाडलेल्या कैऱ्या, यांतून फेकणारा हात आपोआप तयार व्हायचा. कोणी शिकवत नसे आणि कोणी मोजतही नसे, कारण हात दमला की मूल आपणहून दुसऱ्या उद्योगाला लागत असे. आजचा नातू दहाव्या वर्षी थेट अकॅडमीत जातो. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याला सीमारेषेवरून विकेटकीपरकडे पंचवीस थ्रो करायला सांगतात. फेकायची सवय नसलेल्या हातावर अचानक हा भार येतो. बेसबॉलकडे वळणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर तो अनेक पटींनी वाढतो, कारण तो सगळा खेळच फेकण्याचा आहे.

आता मैदान. बेसबॉलच्या मोठ्या मैदानात चार बेस चौकोनात मांडलेले असतात आणि एका बेसपासून पुढच्या बेसचं अंतर ९० फूट असतं, म्हणजे २७.४३ मीटर. मुलुंड पूर्वेचा नव्वद फुटी रस्ता ज्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे त्यांनी तो मनात आडवा धरून बघावा (दोन्ही बाजूंच्या पार्क केलेल्या गाड्या वगळून). पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फलंदाजाच्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर, १८.४४ मीटरवर उभा राहतो. त्याच्यामागे आणखी शंभरेक मीटर मैदान लागतं. संभाजी मैदानासारखी मोकळी जागा मिळाली तरी ती सभा, उत्सव आणि एकाच वेळी रंगलेले आठ क्रिकेट सामने यांतून मोकळी सापडायला हवी. पूर्ण मापाचा बेसबॉल मुलुंडमध्ये बसवायचा हट्ट धरला तर विषय इथेच संपला.

हाच प्रश्न १९३८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट या गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाला पडला होता. तो आपल्या दोन भाच्यांबरोबर अंगणात चेंडूची झेलाझेली करत होता आणि झुडपाच्या खुंटाला ठेचकाळला. तिथे बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की या पोरांना मोठ्यांच्या उरलेल्या वेळात, मोठ्यांच्या मैदानावर, मोठ्यांच्या सामानाने खेळावं लागतं. त्यांच्या मापाचा खेळ का नसावा? त्याने पोरांना प्रत्यक्ष पळायला लावून बेसमधलं अंतर ठरवलं. चेंडू अडवून फेकणारा आणि बेसकडे पळणारा यांच्यात चुरस होईल इतकंच ते हवं होतं. जास्त असलं तर पळणारा हमखास बाद, कमी असलं तर हमखास नाबाद. माप निघालं ६० फूट. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबर या संघाने लायकमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं. एका लाकडाच्या वखारीचा आणि एका दूधडेअरीचा संघ, आणि तिसरा पुरस्कर्ता प्रेट्झेल बनवणारा! आपल्या गल्लीतल्या स्पर्धेच्या टीशर्टवर असतात तसलेच. या ‘लिटल लीग’मध्ये आज जगभरची लाखो मुलं खेळतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बेस ६० फुटांवर आणि पिचर ४६ फुटांवर, म्हणजे चौदा मीटरवर असतो.

अंतर कमी केल्याने फक्त जागा वाचत नाही. चौदा मीटरवरून ताशी ऐंशी किलोमीटरने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण सहा दशांश सेकंदात पोचतो. मोठ्यांच्या खेळात ताशी दीडशेचा चेंडू साडेअठरा मीटरवरून चार दशांश सेकंदात येतो. म्हणजे मुलाला ओळखणं, ठरवणं आणि फिरवणं यांसाठी थोडी जास्त सवड मिळते, पण कसोटी त्याच जातीची राहते. त्याच्याही खालच्या पायऱ्या आहेत. पाच-सहा वर्षांचं मूल टीवर, म्हणजे कमरेएवढ्या रबरी खांबावर ठेवलेल्या स्थिर चेंडूला मारतं. पुढच्या पायरीवर प्रशिक्षक स्वतः हळू चेंडू टाकतात. मुलगा मुलाला चेंडू टाकतो तो त्यानंतर. आपल्याकडे सहा वर्षांच्या पोरासमोर नऊ वर्षांचा फास्ट बोलर उभा करून ‘घाबरू नको’ म्हणायची पद्धत आहे. घाबरणं वाईट नाही, पण घाबरलेलं मूल पाय मागे घ्यायला शिकतं आणि ती सवय पुढे दहा वर्षं जात नाही.

मुलुंडच्या जागेला सगळ्यात जवळचं माप मात्र अलीकडचं आहे. जागतिक बेसबॉल-सॉफ्टबॉल महासंघाने शहरांसाठी ‘बेसबॉल फाइव्ह’ नावाचा खेळ काढलाय. संघात पाच जण, पाच डाव, बेसमधलं अंतर १३ मीटर. बॅट नाही, ग्लोव्ह नाही, पिचरही नाही. फलंदाज रबरी चेंडू स्वतःच हातात धरून तळहाताने किंवा मुठीने मारतो आणि पळतो. मिश्र स्पर्धेत मुलगे आणि मुली दोघांचेही किमान दोन-दोन खेळाडू मैदानात असावे लागतात, म्हणजे मुलींना ‘तू लाँग ऑनला उभी राहा’ म्हणून बाजूला काढता येत नाही. २०२६ च्या डकारमधल्या युवा ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात तो आहे. खर्च एका रबरी चेंडूचा आणि चार खडूच्या खुणांचा. कोणत्या बेसकडे फेकायचं, पळणाऱ्याला कुठे अडवायचं, कधी पुढच्या बेसचा धोका पत्करायचा, ही बेसबॉलची अक्कल त्यात पुरेपूर आहे. मला विचाराल तर मुलुंडच्या शाळेने बेसबॉलची सुरुवात इथून करावी आणि पहिलं वर्षभर बॅट कपाटातच ठेवावी.

मग येतो फेकणारा हात.

२०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात नील रोच आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंच्या अंगावर खुणा लावून, वेगवान कॅमेऱ्यांनी फेक टिपली. फेकताना दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत ज्या वेगाने आत वळतं तो वेग सेकंदाला नऊ हजार अंशांपर्यंत जातो. मानवी शरीराची ही सर्वात वेगवान हालचाल आहे. नुसत्या स्नायूंना हे जमत नाही. हात मागे नेल्यावर खांद्याभोवतीचे अस्थिबंध आणि स्नायुरज्जू ताणले जाऊन ऊर्जा साठवतात आणि सुटताना ती एकदम मोकळी होते. गलोलीच्या रबराचं जे काम, तेच इथे. आपल्याहून कितीतरी बलदंड चिंपांझी मोठ्या प्रयासाने ताशी तीसेक किलोमीटरने फेकतो. बारा वर्षांचा लिटल लीगचा पिचर त्याच्या तिप्पट वेगाने. या अभ्यासकांच्या मते ही देणगी सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी, शिकार करणाऱ्या पूर्वजांकडून आपल्याकडे आली. एकूण काय, तुमचा मुलगा फेकण्यासाठीच घडलेला आहे. मात्र दिवसाला शंभर वेळा, आठवड्याचे सहा दिवस, नऊ महिने फेकण्यासाठी कोणीच घडलेलं नाही.

चांगली फेक पायापासून सुरू होते. हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. मुलाला लक्ष्याकडे तोंड करून, पाय जुळवून उभं करा आणि फेकायला सांगा. चेंडू दहा मीटरवर मान टाकतो. आता त्याला आडवं उभं करा, डावा खांदा लक्ष्याकडे (उजव्या हाताच्या मुलाचा). चेंडू दोन बोटांत आडव्या शिवणीवर धरायचा, अंगठा खाली. तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी फट हवी, कारण मुठीत आवळलेला चेंडू सुटताना रेंगाळतो. डावा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकायचा, आधी कंबर वळू द्यायची, मग छाती आणि हात सगळ्यांत शेवटी. कोपर खांद्याच्या उंचीला. फेक झाल्यावर हात तसाच पुढे सोडून डाव्या मांडीपाशी जाऊ द्यायचा, मध्येच अडवायचा नाही, कारण वेग आवरण्याचं काम त्याच खांद्याला करायचं असतं. याच मुलाचा चेंडू आता वीस मीटर जातो आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पाय न टाकता, नुसत्या हाताने जोर काढणारं मूल मात्र सगळा भार कोपरावर घेतं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे एका गुडघ्यावर बसून, नऊ-दहा मीटरवर सावकाश फेक. हा सराव मुलांना कंटाळवाणा वाटतो. पालकांना त्याहून जास्त.

कोपराला इतकं जपायचं कारण आतल्या बाजूला आहे. फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर जबर ताण येतो. मोठ्या माणसात तो ताण एक अस्थिबंध पेलतो आणि अति झालं तर तो तुटतो. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याचा तो तुटला तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातला स्नायुरज्जू काढून कोपरात बसवला. कोणाला फारशी आशा नव्हती, पण टॉमी जॉनने कारकिर्दीत जिंकलेल्या २८८ सामन्यांपैकी १६४ सामने त्या शस्त्रक्रियेनंतर जिंकले, आणि शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. वाढत्या मुलाची गोष्ट आणखी नाजूक असते. त्याच्या कोपराच्या आतल्या उंचवट्याला हाड वाढवणारी कूर्चेची पट्टी असते आणि ती साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत मिटत नाही. ती अस्थिबंधाहून कच्ची असल्यामुळे मोठ्यांचा जिथे अस्थिबंध जातो, तिथे मुलाची ही पट्टी ओढली जाते. डॉक्टरांनी १९६० मध्येच या दुखण्याला ‘लिटल लीगर्स एल्बो’ असं नाव दिलं होतं. म्हणजे नाव ठेवायला खेळाला एकवीस वर्षं पुरली, पण उपाय करायला आणखी सत्तेचाळीस लागली.

उपाय म्हणजे मोजणं. २००७ पासून लिटल लीगने दर सामन्यात टाकलेल्या चेंडूंवर मर्यादा घातली. सात-आठ वर्षांना ५०, नऊ-दहाला ७५, अकरा-बाराला ८५, तेरा ते सोळाला ९५. याच्या जोडीला विश्रांतीचा नियम आहे आणि खरी मेख तिथे आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० टाकले तर दोन, ६५ पर्यंत तीन, त्यापुढे चार दिवस. ४१ किंवा त्याहून जास्त चेंडू टाकणाऱ्याने त्या दिवशी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, व्हायचं नाही, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. पळवाटा काढणारे प्रशिक्षक तिकडेही आहेत, हे या शेवटच्या नियमावरून ओळखावं.

या आकड्यांमागे अभ्यास आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संस्थेत ग्लेन फ्लेसिग आणि सहकाऱ्यांनी नऊ ते चौदा वयाच्या ४८१ पिचर मुलांचा दहा वर्षं माग ठेवला. वर्षभरात शंभराहून अधिक डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका इतरांच्या साडेतीन पट निघाला. ‘लहान वयात कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकला की कोपर जातं’ हे अमेरिकन बापांचं आवडतं मत मात्र त्या आकड्यांत सिद्ध झालं नाही. चेंडू कसा वळवला यापेक्षा किती टाकले हे महत्त्वाचं ठरलं. २००६ च्या आणखी एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना केली होती. हात दमलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली. छत्तीस! मुलांच्या खेळाबद्दलची एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी ही निवडेन.

ज्या दोघांमुळे भारतीयांच्या कानावर बेसबॉल पडलं, त्यांची गोष्ट इथे आठवते. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेत देशभरातल्या हजारो मुलांमधून रिंकू पहिला आला, ताशी ८७ मैलांच्या, म्हणजे १४० किलोमीटरच्या फेकीने. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांनाही करारबद्ध केलं. स्पर्धा क्रिकेटवेड्या देशात भरली होती, पण पहिले दोघे निघाले भाला टाकणारे. त्यांचे हात फेकण्यातच वाढले होते, पण बेसबॉल त्यांना विशीच्या उंबरठ्यावर भेटला. २००९ मध्ये रिंकू अमेरिकेतल्या व्यावसायिक साखळीत सामना जिंकणारा पहिला भारतीय ठरला. पुढे दुखापतींनी त्याला बाहेर बसवलं आणि तो कुस्तीच्या रिंगणात गेला. दुसरं नाव कुमार रॉकरचं. त्याचे आईकडचे आजी-आजोबा भारतातून गेलेले. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला निवडलं, पण त्याच्या हाताचा वैद्यकीय अहवाल बघून करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने घेतलं, २०२३ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो एकदाचा मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च साखळीत, उतरला. इतकी यंत्रणा, इतके डॉक्टर दिमतीला असताना ही गत.

मुलुंडच्या मुलाची अडचण अशी की त्याचे हिशेब चार ठिकाणी विभागलेले असतात. सकाळी अकॅडमी, दुपारी शाळेचा संघ, रविवारी टेनिस बॉलची स्पर्धा, संध्याकाळी कॉलनी. प्रत्येक ठिकाणचे सर आपापल्या पुरते रास्त असतात. कोणी वीस चेंडू टाकायला सांगतो, कोणी तीस. हात मात्र एकच. म्हणून मोजणी घरात व्हायला हवी. साधी वही पुरते. तारीख, सामन्यात टाकलेले चेंडू, सरावातले थ्रो आणि रात्री जेवताना ‘हात कसा आहे?’ या प्रश्नाचं उत्तर. क्रिकेटची गोलंदाजी हाताला वेगळ्या तऱ्हेने दमवते, तरी तीही त्याच वहीत गेली पाहिजे. दंड भरून आला, जड वाटला तर दोन दिवसांत उतरतो. कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून मूल ‘इथे दुखतं’ म्हणालं तर मात्र फेकणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे. ‘सवय झाली की थांबेल’ हे वाक्य मुंबईच्या मैदानांवर फार प्रेमाने बोललं जातं. त्याने नक्की किती हात गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

क्रिकेटमधून आलेल्या मुलाकडे असलेलं भांडवल मोडू नये. एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, बरेचसे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा मैदानाच्या कडेलाच वाढला. मुंबईच्या उघड्या हातांची ती परंपरा बेसबॉलच्या इनफिल्डला, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षणाला, सोन्यासारखी आहे. गंमत होते ती पहिल्यांदा ग्लोव्ह हातात आल्यावर. उजव्या हाताचं पोर तो हमखास उजव्याच हातात घालतं, कारण झेल त्याच हाताने घ्यायची सवय. झेल मस्त घेतं, मग फेकायची वेळ येते आणि ते ग्लोव्ह काढायला लागतं तोवर पळणारा दुसऱ्या बेसवर. ग्लोव्ह डाव्या हातात, फेक उजव्याने, हे अंगात मुरायला महिनाभर जातो. दुसरी सवय बॅटची. फटका मारल्यावर क्रिकेटचं पोर बॅट घेऊनच पळतं, पहिल्या बेसजवळ ती जमिनीवर टेकवतं आणि इकडे-तिकडे बघतं. बेसबॉलमध्ये बॅट जागच्या जागी टाकायची असते, भिरकवायचीही नाही. तिसरी आणि सगळ्यात चिवट सवय म्हणजे चांगला चेंडू सोडून देणं. मुंबई घराण्याने पिढ्यानपिढ्या शिकवलंय की पहिला तास बोलरचा. इथे तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू) झाले की माणूस बाद, त्यामुळे मुलाला चेंडू निवडून तुटून पडायला शिकवावं लागतं. ‘खडूस’ फलंदाजाला हे फार जड जातं.

स्पर्धेकडे वळू. मुलांना स्पर्धा हवी असते आणि ती द्यावी, पण कशी भरवावी यावर पुष्कळ अवलंबून असतं. लिटल लीगने नेहमीच्या हंगामासाठी नियम केला की संघातल्या प्रत्येक मुलाला किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे. आपल्या शालेय क्रिकेटमध्ये बारावा-तेरावा मुलगा पाण्याच्या बाटल्या नेतो. सलामीवीर पहिल्या चेंडूवर बाद झाला तर दोन दिवस तंबूत बसतो. १९८८ च्या हॅरिस शिल्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा शारदाश्रमाचा पुढचा फलंदाज पॅड बांधून किती वेळ बसला असेल, हा विचार कोणी करत नाही. दुसरा नियम दयेचा. एक संघ चार डावांनंतर दहा धावांनी पुढे असला की सामना थांबतो. आता मुलुंडहून पुढे जाणाऱ्या लोकलने कल्याणला जाऊ. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या शालेय स्पर्धेत प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. संघाच्या झाल्या ३ बाद १४६५. समोरच्या संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ मध्ये आटोपले. जगभर बातमी झाली ती १००९ ची. दोन दिवस चेंडू आणणाऱ्या त्या दुसऱ्या अकरा मुलांनी त्या सामन्यातून काय कमावलं? दयेचा नियम त्यांच्यासाठी असतो, आणि खरं तर जिंकणाऱ्यांसाठीही, कारण एवढ्या तफावतीत त्यांनाही काही शिकता येत नाही.

महाराष्ट्रात शाळेच्या संघाला पुढे वाट आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी चढण आहे आणि मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा असल्याने मुलुंडची मुलं त्यातून जातात. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते, तिच्या ओढीनेही मुलं कमी गर्दीच्या खेळांकडे वळतात. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. गुणांसाठी आलेला मुलगा खेळासाठी टिकू शकतो, फक्त त्याला प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही कोणीतरी मैदानावर बोलावलं पाहिजे.

मुलींसाठी सॉफ्टबॉल अधिक रुळलेलं आहे. मोठा चेंडू, खालून फेक, लहान मैदान. पण बेसबॉलची दारं त्यांना बंद असण्याचं कारण नाही. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकनची मारिया पेपे लिटल लीगमध्ये पिचर म्हणून उतरली आणि वरून दबाव आल्यावर तिला संघाबाहेर काढलं गेलं. खटला झाला आणि १९७४ पासून मुलींना प्रवेश मिळाला. चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये, मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव न देता सामना जिंकला. आज त्याच न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीकडच्या मराठी घरांतल्या मुलीही शनिवारी सकाळी ग्लोव्ह घेऊन निघतात आणि मुलुंडच्या आजीला व्हिडिओ कॉलवर विचारावं लागतं, ‘अगं, ती बॅट अशी टाकून का देते?’

राहिलं वेळापत्रक. अमेरिकेतल्या मेजर लीगने आणि तिथल्या बेसबॉल संघटनेने २०१४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात नऊ ते बारा वयाच्या मुलांना वर्षातून किमान चार महिने फेकण्यापासून सुट्टी सांगितली आहे, त्यातले दोन-तीन महिने सलग. तिकडच्या पालकांना हे पटवणं अवघड जातं, कारण हिवाळ्यात बंदिस्त हॉल भाड्याने मिळतात. मुलुंडला ही सुट्टी जूनमध्ये आकाशातून येते. मैदानात गुडघाभर चिखल, जुलैत समुद्राकडून आलेला पाऊस आठवडाभर हलत नाही. क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून याच पावसात रंगत आली आहे, पण ती मोठ्यांची. मुलांसाठी पावसाळा फेकबंदीचा ठरवून टाकावा. अडचण एकच, आता टर्फवर छपरं आली आहेत आणि तिथे जुलैमध्येही रात्री अकरापर्यंत दिवे असतात. त्या दिवसांत पार्किंगमध्ये टी मांडून जाळीत फटके मारावेत, बेसवर वळण्याचं पायकाम करावं, प्रियदर्शिनी क्रीडासंकुलात पोहावं, दोन-चार जणांत बेसबॉल फाइव्हचा डाव टाकावा, पण फेक जमेल तितकी कमी. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की पुन्हा गुडघ्यावर बसून, नऊ मीटरपासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात दिवसाआड वीस फेकी, दुसऱ्यात तीस. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पूर्ण अंतर, आणि पहिला सामना त्यानंतरच लावावा.